धर्मगुरूंच्या शाळेत शांततेचा तास

सार्वजनिक गणेशोत्सव, ईद-ए-मिलाद, रामनवमी असे मिरवणुकीचे सण जवळ आले की महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका बोलावल्या जातात. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या, स्वतःचे पोलीस ठाणे असलेल्या गावांत अशा बैठकीला सरपंच, पोलीस पाटील, मंडळांचे अध्यक्ष आणि पत्रकार यांच्याबरोबर मंदिराचे महाराज, मशिदीचे मौलाना आणि ख्रिस्ती वस्ती असल्यास पाळक यांनाही बोलावण्याचा प्रघात आहे. त्यांनी दोन शब्द बोलावेत, सर्व धर्म प्रेमच शिकवतात असे सांगावे आणि चहा घेऊन निघावे, एवढीच त्यांच्याकडून बहुधा अपेक्षा असते. प्रत्यक्ष तणावाच्या संध्याकाळी, म्हणजे मिरवणूक चौकात अडली असताना आणि फोनवर अफवा फिरत असताना या माणसांनी नेमके काय करावे, हे त्यांना त्यांच्या धर्मशिक्षणात कोणी शिकवलेले नसते. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगातील काही सेमिनऱ्यांमध्ये ‘धर्म आणि शांतता-उभारणी’ हा स्वतंत्र अभ्यासक्रम आकाराला आला. त्याच्या घडणीत महाराष्ट्राचा आणि विशेषतः विदर्भाचा जो वाटा आहे, तो अजून एकत्र मांडला गेलेला दिसत नाही.

सेमिनरी म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणारी, बहुधा निवासी स्वरूपाची शिक्षणसंस्था. धर्मग्रंथ, धर्मतत्त्वज्ञान, चर्चचा इतिहास आणि प्रवचनकला हे तिच्या पारंपरिक अभ्यासक्रमाचे मुख्य भाग. शांतता-उभारणी ही संज्ञा मात्र अलीकडची आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी दंगल किंवा युद्ध थांबलेले असणे म्हणजे ‘नकारात्मक शांतता’ आणि ज्या अन्यायातून हिंसा उगवते तो अन्याय दूर होणे म्हणजे ‘सकारात्मक शांतता’ असा भेद केला. संचारबंदीने पहिली मिळते, दुसरी मिळत नाही, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. याच गाल्टुंग यांनी आपल्या अभ्यासाच्या आरंभी, 1955 मध्ये, तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासमवेत गांधीजींच्या राजकीय नीतिविचारावर पुस्तक लिहिले होते. त्यामुळे पाश्चात्त्य विद्यापीठांतून आयात झालेला म्हणून या विषयाकडे पाहणाऱ्यांनी त्याचे एक मूळ सेवाग्रामच्या बाजूला आहे, हे ध्यानात घ्यावे.

भारतातील सेमिनऱ्यांनी परधर्माचा अभ्यास सुरू केला तो शांततेसाठी नव्हे. बंगालमधील सेरामपूर येथे 1818 मध्ये विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालय काढले, तेव्हा देशी भाषा आणि शास्त्रे शिकण्यामागे धर्मप्रसार हा हेतू उघड होता. केरी यांनी 1805 मध्ये प्रसिद्ध केलेले मराठी व्याकरण त्याच खटाटोपातले. प्रतिस्पर्ध्याचे मत खोडून काढायचे तर ते आधी नीट समजून घ्यावे लागते, आणि नीट समजून घेतल्यावर खोडून काढण्याचा उत्साह पुष्कळदा ओसरतो, असा अनुभव पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत अनेक मिशनरी विद्वानांना आला. कॅथलिक पंथात या बदलाला अधिकृत मान्यता मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी संमत केलेल्या, ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या संबंधांविषयीच्या घोषणापत्राने. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असा त्याचा आशय होता.

पुण्याच्या नगर रस्त्यावरील कॅथलिक विद्यासंकुलावर या घोषणापत्राचा खोल परिणाम झाला. तेथील पेपल सेमिनरी 1893 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केली आणि 1955 मध्ये ती पुण्यास आली. तिच्या शेजारी वाढलेले, आज ज्ञानदीप या नावाने ओळखले जाणारे तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राचे पीठ देशभरातील भावी धर्मगुरूंना शिकवते. नगर रस्त्यावरचे हे जग शहराच्या जुन्या पेठांपासून दूर होते. ते अंतर तोडण्यासाठी मॅथ्यू लेडर्ले या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी शनिवार पेठेत स्नेहसदन ही संस्था उभी केली, मराठी आत्मसात केली आणि आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनाच्या प्रवाहांवर 1976 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. संवादाचे काम पुढे नेणारी ही पिढी विद्वत्तेत थोर होती. परंतु तिचा संवाद मुख्यतः शास्त्री, प्राध्यापक आणि साधक यांच्याशी झाला, आणि दंगल करणारा किंवा दंगलीत दुकान गमावणारा माणूस त्या बैठकीत क्वचितच येऊन बसला.

पुण्यातील प्रोटेस्टंट बाजूची कथा विदर्भातूनच सुरू होते. वऱ्हाडात अकोला, बुलढाणा, खामगाव या भागांत अलायन्स मिशनचे काम होते, तर यवतमाळ जिल्ह्यातील उमरी येथे फ्री मेथडिस्ट मिशनची मराठी बायबल शाळा होती. त्या शाळेतून 1953 मध्ये, अनेक मिशनांच्या सहकार्याने, यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि तीस वर्षांनी, 1983 मध्ये, ती पुण्याच्या बिबवेवाडीत हलली. स्थलांतराची व्यावहारिक कारणे समजण्यासारखी असली तरी त्याचा एक परिणाम असा झाला की वऱ्हाडातील तरुण पाळकाचे शिक्षण वऱ्हाडाबाहेर आणि बव्हंशी इंग्रजीत होऊ लागले. या सेमिनरीच्या अध्यापकांत मेनोनाइट पंथाचेही लोक होते. सोळाव्या शतकातील मेनो सायमन्स या डच धर्मगुरूच्या नावाने ओळखला जाणारा हा पंथ शस्त्र हाती न घेणे ही आपली धर्माज्ञा मानतो. भारतात तो 1899 च्या दुष्काळात मदतकार्यासाठी आजच्या छत्तीसगडमधील धमतरीला आला.

शांतता-उभारणीचा पद्धतशीर अभ्यासक्रम याच पंथाच्या एका संस्थेने आधी घडवला. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठात 1994 मध्ये जॉन पॉल लेडराख यांच्या पुढाकाराने ‘संघर्ष-परिवर्तन’ कार्यक्रम सुरू झाला. लेडराख मध्य अमेरिकेत, विशेषतः निकाराग्वात, सरकार आणि मिस्किटो आदिवासी यांच्यातील मध्यस्थीत सहभागी होते. उत्तर अमेरिकेतील समुपदेशकांनी तयार केलेली मध्यस्थीची साचेबद्ध तंत्रे तेथे लागू पडत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून प्रशिक्षकाने तयार उत्तर घेऊन न जाता त्या समाजात भांडणे आजवर कशी मिटत आली, कोणाचा शब्द चालतो, माफी कशी मागितली जाते, हे शिकणाऱ्यांच्याच तोंडून काढून घ्यावे आणि त्यावर अभ्यासक्रम रचावा, असा त्यांचा आग्रह राहिला. समाजाची त्यांनी तीन थरांत मांडणी केली: वर सत्ताधारी नेते, खाली सामान्य जनता आणि मध्ये दोन्हीकडे ये-जा असणारी माणसे. शांतता टिकते ती मधल्या थरामुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. धर्मगुरू, शाळामास्तर, डॉक्टर, व्यापारी असोसिएशनचा अध्यक्ष ही सारी मधल्या थरातली माणसे असल्याने सेमिनरीला या विषयात आपोआपच महत्त्व आले. पुढे 1833 पासून चालत आलेल्या हार्टफर्ड सेमिनरीने 2021 मध्ये आपल्या नावातच ‘धर्म आणि शांतता’ यांचा समावेश केला.

भारतात या वळणाचे सर्वांत बोलके उदाहरण हैदराबादच्या हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूटचे आहे आणि मराठवाडा दीर्घकाळ त्याच शहरातून चालवल्या गेलेल्या राज्याचा भाग असल्याने मराठी वाचकाला ते परके वाटू नये. ही संस्था 1930 मध्ये लाहोर येथे सुरू झाली तेव्हा मुसलमानांत प्रचार करू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांना इस्लामचे ज्ञान देणे हा तिचा उद्देश होता. अनेक गावे फिरून 1971 मध्ये ती हैदराबादेत स्थिरावली, तोवर प्रचाराची जागा परस्पर समजुतीने घेतली होती. डिसेंबर 1990 मध्ये जुन्या शहरात भीषण दंगल झाली आणि इस्लामवर ग्रंथ लिहिणाऱ्या या संस्थेपुढे, आपल्या दारापासून काही किलोमीटरवर माणसे मारली जात असताना आपली विद्या कशासाठी, असा अडचणीचा प्रश्न उभा राहिला. मदतकार्यापासून सुरुवात करून तिने पुढे हिंदू-मुस्लिम मिश्र वस्तीच्या सुलतानशाही भागात ‘अमन शांती’ हा प्रकल्प उभा केला. त्यात शिवणवर्ग, मुलांचे शिक्षण, आरोग्यसेवा अशी कामे होती आणि त्यांच्या निमित्ताने दोन्ही समाजांच्या स्त्रिया एका छपराखाली आल्या. त्याच दशकात संस्थेने आपल्या नावाला संशोधन, आंतरधर्मीय संबंध आणि सलोखा ही उद्दिष्टे जोडली आणि संघर्ष-परिवर्तनाची प्रशिक्षणे सुरू केली. शिवणयंत्राचा धर्मशास्त्राशी काय संबंध, असा आक्षेप घेणाऱ्यांना या प्रकल्पाचे मर्म कळलेले नसते. शेजारीण रोज भेटत असेल तर तिच्याविषयीची अफवा पडताळून पाहता येते, आणि ही सोय कोणत्याही प्रवचनाने निर्माण होत नाही.

अशा अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काय शिकवतात, हे एका सरावातून चांगले दिसते. त्याला ‘संघर्षाचा नकाशा’ म्हणतात. मोठ्या कागदावर भांडणाशी संबंध असलेल्या प्रत्येक व्यक्तीचे किंवा गटाचे वर्तुळ काढायचे, ज्याचा प्रभाव जास्त त्याचे वर्तुळ मोठे. ज्यांचे सख्य आहे त्यांना सरळ रेषेने, ज्यांचे वितुष्ट आहे त्यांना नागमोडी रेषेने आणि ज्यांचा अबोला आहे त्यांना तुटक रेषेने जोडायचे. एखाद्या वऱ्हाडी गावातील मिरवणुकीचा वाद या रीतीने काढू लागले की मशीद आणि मंडळ ही दोन वर्तुळे पहिल्या पाच मिनिटांत पडतात. मग डीजेवाला येतो, वर्गणी न देणारा दुकानदार येतो, ग्रामपंचायतीत पडलेला उमेदवार येतो, गावात न राहता समाजमाध्यमांवरून चिथावणी देणारा शहरातला तरुण येतो, आणि बैठकीला कधीच न बोलावली जाणारी, ज्यांची हातगाडी चौकातच उभी असते अशी माणसेही येतात. शेवटी विद्यार्थ्याने स्वतःचे, म्हणजे धर्मगुरूचे, वर्तुळ काढायचे असते. ते तटस्थपणे मध्यभागी काढणाऱ्याला प्रशिक्षक विचारतो की मंडळाची वर्गणी तुमच्या देवळाला मिळते का, आणि बहुतेक वेळा ते वर्तुळ एका बाजूला सरकते.

एका मिरवणुकीच्या वादामागे इतके धागे असतात हे अतिशयोक्त वाटत असल्यास न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल पाहावा. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भिवंडीत आणि पाठोपाठ बुलढाण्याला लागूनच असलेल्या जळगाव जिल्ह्याच्या मुख्य गावी दंगली उसळल्या, त्यांची चौकशी या आयोगाने केली. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल यांवरून आधी कितीतरी दिवस चाललेल्या कुरबुरी त्यात बारकाईने नोंदल्या आहेत. दंगल अकस्मात पेटते ही समजूत त्या वाचनानंतर टिकत नाही. मे 2023 मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरील मजकुरावरून हिंसाचार झाला, तेव्हा कुरबुरीचा हा काळ किती आखडला आहे तेही दिसून आले.

महाराष्ट्रात या शिक्षणाची देशी परंपरा नव्हती असे म्हणता येणार नाही, आणि येथेच विदर्भाचा वाटा मोठा ठरतो. दंगलीत निःशस्त्र जाऊन उभे राहणाऱ्या शांतिसेनेची कल्पना गांधीजींची. तिला संघटित रूप विनोबांनी 1957 मध्ये केरळात दिले आणि पुढे नारायण देसाई यांच्या नेतृत्वाखाली तिने 1969 च्या अहमदाबाद दंगलीनंतर काम केले. विनोबांनी 1959 मध्ये वर्ध्याजवळ पवनार येथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. कुराण आणि ख्रिस्ती धर्म यांचे सार त्यांनी काढले आणि त्यांच्या प्रेरणेने 1974 मध्ये जैनांच्या सर्व पंथांना मान्य होणारा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला. एकाच धर्मातील पंथांना एका ग्रंथावर आणणे हे दोन धर्मांना जवळ आणण्यापेक्षा सोपे असते असे कोणी समजू नये. अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेला गावसंघटनेचे साधन बनवले, आणि 1955 मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मौलाना वहिदुद्दीन खान यांनी जैन मुनी सुशीलकुमार आणि स्वामी चिदानंद यांच्यासमवेत मुंबई ते नागपूर शांतियात्रा करून वाटेत सभा घेतल्या.

एवढे असूनही या प्रयत्नांतून धर्मगुरूंचे शांतता-शिक्षण संस्थारूपाने उभे राहिले नाही. विनोबांचे काम त्यांच्या व्यक्तिमत्त्वाशी आणि सर्वोदयाच्या चढउतारांशी बांधलेले राहिले. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात अहिंसा व शांतता अध्ययनाचा विभाग आहे, पण विद्यापीठीय विभागातून प्राध्यापक आणि संशोधक घडतात, गावातले कीर्तनकार नव्हेत. कीर्तनकार घडवणारी मराठी सेमिनरी म्हणावी अशी संस्था म्हणजे विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीत स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था. तिच्या चार वर्षांच्या शिक्षणात ज्ञानेश्वरी, गाथा, गीता, गायन आणि मृदंग यांना स्थान आहे आणि तेथून बाहेर पडलेल्या कीर्तनकाराला सप्ताहात जो श्रोतृवर्ग मिळतो तो कोणत्याही शांतता समितीला मिळत नाही. एकनाथांचा हिंदु-तुर्क संवाद, ज्यात दोघे भांडण सुरू करून शेवटी गळाभेट घेतात, आणि श्रीगोंद्याचे संत शेख महंमद ही सामग्री याच परंपरेच्या घरातली असल्याने अशा शिक्षणासाठी मराठी कीर्तनकाराला उसनवारी करण्याचे कारण नाही.

मदरशांच्या बाजूला हालचाल झाली ती वेगळ्या दिशेने. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने रूढ झालेला ‘दर्से निजामी’ हा अभ्यासक्रम भारतातील बहुतेक मोठ्या मदरशांचा पाया आहे. तो पूर्ण केलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी पदवीधरांसाठी अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या क्रॉक शांतता संस्थेतील प्राध्यापक इब्राहिम मूसा यांनी 2017 मध्ये ‘मदरसा डिस्कोर्सेस’ हा उपक्रम सुरू केला. मूसा स्वतः भारतातील मदरशांत शिकलेले असल्याने आधुनिक विज्ञान, इतिहास आणि बहुधर्मी समाज यांविषयीचे प्रश्न त्यांना आतल्या भाषेत मांडता आले. मुंबईत असगर अली इंजिनिअर यांनी 1993 मध्ये स्थापन केलेल्या समाज व धर्मनिरपेक्षता अभ्यास केंद्राने पोलीस आणि विद्यार्थी यांच्यासाठी कार्यशाळा घेतल्या, मात्र ते सेमिनरीच्या चौकटीबाहेरचे काम होते.

सरकारी पातळीवर महाराष्ट्राने याच काळात दोन लक्षणीय प्रयोग केले. भिवंडीत 1984 च्या दंगलीनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, ज्यांत हिंदू आणि मुसलमान नियमित भेटत आणि किरकोळ तक्रारीही तेथेच निघत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दुसरा प्रयोग 15 ऑगस्ट 2007 पासूनच्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा. दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर तंटे गावातच सामोपचाराने मिटवावेत यासाठी प्रत्येक गावात समिती आणि तिचा अध्यक्ष नेमला गेला. मोहिमेचा जोर पुरस्कारांवर राहिल्याने मिटलेल्या तंट्यांचे आकडे वाढले, आणि तंटा कसा मिटवावा याचे शिक्षण मागे पडले, असे तिच्याविषयी म्हणावे लागते.

या अभ्यासक्रमांपुढची खरी अडचण शिक्षणाच्या दर्जापेक्षा नोकरीच्या स्वरूपात आहे. कॅथलिक धर्मगुरू धर्मप्रांताच्या आदेशाने बदलून जातो. बुलढाणा ज्या अमरावती धर्मप्रांतात येतो तो पाच जिल्ह्यांचा असल्याने गावाची नस कळेपर्यंत बदली येऊ शकते. इमामाची नेमणूक आणि पगार मशिदीच्या कमिटीच्या हाती असतो, म्हणून कमिटीतील वजनदार सदस्याच्या मुलाला त्याने चारचौघांत थांबवावे ही अपेक्षा त्याच्या चुलीवर येते. कीर्तनकाराला पुढच्या सप्ताहाची सुपारी मंडळाकडूनच मिळणार असते. एकट्या धर्मगुरूला शिकवून परत पाठवणे म्हणूनच अपुरे ठरते. हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूटने धर्मगुरूंबरोबर वस्तीतील स्त्रिया आणि कार्यकर्ते यांनाही आपल्या कामात सामील करून घेतले, त्यामागची समज हीच असावी. खामगाव तालुक्यासारख्या ठिकाणी असा वर्ग भरला तर त्यात मौलाना आणि महाराजांच्या शेजारी अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि मंडळाचा खजिनदार यांना बसवावे लागेल.

त्या वर्गासाठी मराठीत पाठ्यपुस्तक लिहायचे झाल्यास सामग्रीचा असमतोल आधी जाणवेल. पेटलेल्या दंगलींवर आयोगांचे अहवाल, न्यायालयांचे निकाल आणि वृत्तपत्रांच्या फायली आहेत. परंतु ज्या रात्री मिरवणूक दुसऱ्या गल्लीने वळवली गेली, अजान होईपर्यंत ढोल थांबले किंवा फोनवरील चित्रफीत दुसऱ्याच गावची असल्याचे वेळेत कळले, त्या रात्रींची नोंद ठाण्याच्या डायरीत ‘बंदोबस्त शांततेत पार पडला’ एवढ्या एका ओळीत संपते. कोण कोणाकडे गेले, काय बोलले आणि कोणाचा मान कसा राखला, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे अजून गावोगाव आहेत आणि त्यांच्या मुलाखतींपासून या विषयाच्या मराठी अभ्यासक्रमाचे पहिले प्रकरण लिहिता येईल.